ओळखीच्या पाच मिनिटांपलीकडे

आषाढी जवळ आली की अरुणा साईराम यांनी गायलेल्या नामदेवांच्या अभंगाची चित्रफीत कुणा ना कुणा स्नेह्याकडून मोबाइलवर हमखास येते. खाली मजकूर असतो, ‘दाक्षिणात्य असून आपला विठ्ठल किती छान गातात!’ कौतुक मनापासूनचे असते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या ‘असून’बद्दल. पन्नास-पंचावन्न वर्षांची साधना असलेल्या एका मोठ्या गायिकेला आपण या तीन अक्षरांत पाहुणी करून टाकतो आणि पाहुणीने आपल्या घरची भाजीभाकरी आवडीने खाल्ली म्हणून खूश होतो. तिच्या घरी काय शिजते, हे विचारायचे मात्र आपल्याला सुचत नाही.

मुळात हा ‘असून’ खोटा आहे. अरुणाबाईंचा जन्म १९५२ सालचा, मुंबईचा. घर तमिळ, वडील सेतुरामन रसिक, आई राजलक्ष्मी स्वतः गाणाऱ्या. पहिले धडे आईकडेच झाले. ज्या शहरात त्या वाढल्या तिथे एका गल्लीत त्यागराजांची कृती ऐकू येई, तर पलीकडच्या गल्लीत टाळमृदंगाचे भजन. मराठी अभंग त्यांना मुंबईच्या हवेतच मिळाला. रंजनी आणि गायत्री या भगिनींचेही तसेच. त्याही मुंबईतच वाढल्या, आधी व्हायोलिन शिकल्या, पुढे गायिका म्हणून नावारूपाला आल्या आणि आज त्यांच्या अभंगांना दक्षिणेत गर्दी लोटते. महाराष्ट्राच्या राजधानीत वाढलेल्या या मुलींना दाक्षिणात्य म्हणून वेगळे काढण्यात आपलाच तोटा आहे.

पण अरुणाबाईंची खरी जडणघडण अभंगात शोधायची नाही. लहान वयातच त्यांना टी. बृंदा यांच्यासारखी गुरू मिळाली. बृंदा या वीणा धनम्माळ यांच्या नात आणि नृत्यांगना बालसरस्वती यांच्या मावसबहीण. देवदासी परंपरेतले हे घराणे. गोव्याच्या कलावंत घराण्यांनी केसरबाई आणि मोगूबाई दिल्या, तसेच काहीसे ऋण कर्नाटक संगीतावर या घराण्याचे आहे. क्षेत्रय्यांची तेलुगू पदे या बायकांनी जिवापाड जपली. पद म्हणजे प्रियकराशी बोलणारी नायिका, अतिशय संथ लय, आणि प्रत्येक शब्दावर स्वर असा झुलवायचा की रुसवा कुठे संपला आणि लाघव कुठे सुरू झाले ते कळू नये. आपल्याकडची बैठकीची लावणी विलंबित ख्यालाच्या लयीत गायली तर कशी लागेल, याची कल्पना करून पाहावी. ही विद्या कागदावरून येत नाही. गुरूसमोर बसून एकेक ओळ गळ्यात मुरवावी लागते.

आणि मुरायला वेळ लागतो. १९७६ साली बृंदांना मद्रास म्युझिक अकादमीचा ‘संगीत कलानिधी’ हा मान मिळाला. त्यांच्या या शिष्येला तोच मान मिळायला २०१८ साल उजाडले. मधे बेचाळीस वर्षे. पद्मश्री २००९ची, म्हणजे वयाच्या छप्पनाव्या-सत्तावन्नाव्या वर्षी. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या प्रॉम्स महोत्सवात त्या गायल्या २०११ साली. त्या वयात आम्ही बँकेतली माणसे निवृत्तीचा हिशेब मांडत असतो. मोबाइलवरच्या पाच मिनिटांमागे एवढी मोठी मुदत आहे.

बँकेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जळगावच्या शाखेत माझ्याबरोबर एक तमिळ अधिकारी होते. एकदा मुंबईला बैठकीसाठी गेलो असताना संध्याकाळी ते म्हणाले, ‘मला आज कचेरी आहे.’ आम्ही हळहळलो. बिचाऱ्याला सुट्टीच्या दिवशीही काम! ते निघाले होते षण्मुखानंद सभागृहात गाणे ऐकायला. तमिळमध्ये मैफलीला कचेरी म्हणतात, हे तेव्हा कळले. ज्या शब्दाने आपल्या कपाळावर आठ्या येतात, त्या शब्दाने त्यांचा चेहरा उजळला होता.

ही कचेरी मोठी शिस्तीची असते. वर्णमने आरंभ, मग वेगवेगळ्या रागांतल्या कृती, मध्यावर एका रागाचा सविस्तर विस्तार; कधी रागम्-तानम्-पल्लवी, म्हणजे राग उलगडायचा, तो लयीत आणायचा आणि शेवटी एकाच ओळीवर तालाचे अवघड गणित सोडवायचे. मग मृदंगाला मोकळे रान. हे सगळे झाल्यावर अखेरीस हलक्याफुलक्या रचना येतात आणि अभंग तिथे येतो. जेवणानंतरच्या विड्याची ती जागा. आपण नुसता विडा खाऊन जेवणाची वाहवा करतो आहोत. गंमत अशी की तिकडच्या काही कर्मठ श्रोत्यांनाही हा विडा खटकतो, त्यांना तो लोकानुनय वाटतो. म्हणजे त्यांना अभंग नको आणि आपल्याला अभंगाखेरीज काही नको. मधे उभी असलेली गायिका दोघांनाही अर्धीच दिसते.

यावर ठरलेले उत्तर येते : ‘कर्नाटकी गाणे आपल्याला कळत नाही, भाषा परकी, गमक फार.’ भाषेचे म्हणाल तर ख्यालातली ब्रज आपल्यापैकी कितीजणांना कळते? बंदिशीचे शब्द न कळता आपण रात्र-रात्र जागलो आहोत. आणि कानाचे म्हणाल तर तो इतका कोवळा राहिलेला नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२च्या ‘सौभद्रा’त कानडी चाली आहेत, आपल्या पणज्या त्या चाली जात्यावर गुणगुणल्या असतील. हंसध्वनी, कीरवाणी, चारुकेशी, आभोगी हे राग दक्षिणेतूनच इकडे आले आणि आपण त्यांना घरचे म्हणून वागवतो. ‘कळत नाही’ यात ‘ऐकले नाही’ याचा वाटा फार मोठा आहे.

देवघेव उलट दिशेनेही झाली. व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी तिथे राहिली. त्यागराजांचे तिरुवैयारू त्याच मुलखातले. समर्थ संप्रदायाचे मठ तिकडे उभे राहिले, त्यांच्याबरोबर मराठी कीर्तन गेले. तंजावरचे कीर्तनकार मेरुस्वामी त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारी मानाने राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाच्या घाटावर हरिकथा उभी केली. तिच्यात साकी, दिंडी, ओवी ही आपली वृत्ते नावासकट जाऊन बसली. म्हणून चेन्नईच्या सभेत अभंग ऐकू येतो, तेव्हा तो तिथे उपरा नसतो. हा इतिहास धुळेकरांना परका वाटायचे कारण नाही. शंकर श्रीकृष्ण देवांनी जन्मभर समर्थ संप्रदायाची बाडे गोळा केली, ती धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपलेली आहेत. पोथ्या आपण सांभाळल्या, पोथ्यांबरोबर गेलेल्या गाण्याची चौकशी तेवढी करायची राहिली.

म्हणून माझी सूचना साधी आहे. जळगावात बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव होतो, आणि ते योग्यच आहे, कारण नारायणराव लहानपणी इथेच मेहबूबखाँकडे शिकले. धुळ्यातही गाण्याचे जाणते श्रोते आहेत. आपल्या संयोजकांनी वर्षातली एक संध्याकाळ कर्नाटक गायनाला द्यावी. मोठे नाव परवडणार नाही, तर तरुण गायिका बोलवावी. व्हायोलिन, मृदंग, तंबोरा, एवढाच तिचा संसार असतो आणि भुसावळला देशभरातून गाड्या येतात. आधी कुणीतरी दहा मिनिटे आदि ताल हाताने कसा मोजायचा ते श्रोत्यांना दाखवावे. आणि एक पथ्य पाळावे : पहिल्या कृतीनंतर ‘अभंग होऊ द्या’ अशी चिठ्ठी पाठवू नये. तिला तिचे गाणे तिच्या क्रमाने गाऊ द्यावे. पहिल्या वर्षी निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतील. राहू द्याव्यात. ख्यालाच्या पहिल्या मैफलींनाही कुठे भरगच्च गर्दी होती!

आपली मुले आज चेन्नई-बंगळुरूला नोकऱ्या करतात आणि तिकडची मुले इकडच्या बँकांत, कारखान्यांत येतात. एकमेकांचे पदार्थ खाण्यापर्यंत आपण पोचलो आहोत, एकमेकांचे गाणे ऐकण्यापर्यंत नाही. आपल्याच मुक्ताईची पालखी दरवर्षी मुक्ताईनगरहून निघून शेकडो मैल चालत पंढरपूर गाठते. एवढे चालणे ज्या मुलखाच्या अंगवळणी आहे, त्याला दोन तास बसून नवे गाणे ऐकणे जड जाऊ नये. तिकडच्यांनी आपला अभंग शिकायला पिढ्या घातल्या. आपल्याकडून एक संध्याकाळ मागतो आहे, फार नाही.