'पत्नीने साथ दिली' – एवढंच?

माझ्या नवऱ्याने दारू सोडली त्याला सहा वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर त्याने आपल्या व्यसनाची आणि त्यातून सुटण्याची हकिकत लिहून काढली. पुस्तक करायचं ठरलं. त्याचं अक्षर लागत नाही, म्हणून पक्की प्रत करायचं काम माझ्याकडे आलं. वडगावच्या आमच्या दोन खोल्यांत रात्री भांडी आवरून मी एकशे चाळीस पानं उतरवली. शेवटून दुसऱ्या पानावर मला मी भेटले. 'या सगळ्यात पत्नीने खंबीर साथ दिली.' माझ्या बारा वर्षांचं हे एक वाक्य!

मी विचारलं, "अहो, साथ दिली म्हणजे मी नेमकं काय केलं?"

तो प्रामाणिकपणे म्हणाला, "अगं, पुस्तक माझ्याबद्दल आहे ना."

ओळखीच्या एका प्रकाशकांचंही मत तेच पडलं. आत्मकथन एका माणसाचं असतं. तो पडतो, तळाला जातो, उठतो. लोकांना हे वाचायला आवडतं.

मला वाटतं, खरा घोळ इथेच आहे. व्यसनमुक्तीचं पुस्तक कोणत्या घाटाने लिहायचं हा नुसता साहित्याचा प्रश्न नाही, तो घरातल्या सत्तेचा प्रश्न आहे. घाट ठरला की आत काय येणार आणि उंबऱ्याबाहेर काय राहणार, तेही ठरून जातं.

एकच उदाहरण देते. पहिल्या उपचारानंतर आठ महिन्यांनी तो पुन्हा प्यायला. पुस्तकात हे नाही. का? तर त्याने 'गोष्टीची लय बिघडते'. दुसऱ्यांदा दाखल करताना मी बांगड्या गहाण टाकल्या होत्या. मग लय कोणाची बिघडली? या आजारात माणूस पुन्हा पिऊ शकतो, हे उपचार करणारे पहिल्या दिवसापासून सांगतात. पुस्तकाने ते लपवलं, तर ज्या बाईचा नवरा परत प्यायला लागलाय तिला वाटणार, बाकी सगळ्यांचं सुधारलं, मीच कुठेतरी कमी पडले. अशा पुस्तकाने तिला धीर येणार की अपराधी वाटणार?

हा घाट जुना आहे. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं. सुधाकर पितो. सिंधू दुसऱ्यांचं दळण दळते, मार खाते आणि मरतानाही त्याच्यावर आळ येऊ नये म्हणून खोटं बोलते. शंभर वर्षं प्रेक्षक तिच्यासाठी रडले. पण तिची ती शेवटची जबानी आपण अजून बायकांकडून लिहूनच घेतोय, आणि तिलाच 'साथ' म्हणतोय.

परदेशातही वेगळं घडलं नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचं मूळ पुस्तक १९३९ साली अमेरिकेत निघालं. त्यात पत्नींना उद्देशून एक प्रकरण आहे, आणि ते 'आम्ही बायका' अशा सुरात बोलतं. लिहिलं मात्र संस्थापक बिल विल्सन यांनी! त्यांची पत्नी लोइस यांना ते लिहायचं होतं, त्यांना लिहू दिलं गेलं नाही. पुढे १९५१ मध्ये याच लोइस यांनी दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनची सुरुवात केली. म्हणजे बाईच्या तोंडची भाषासुद्धा नवऱ्यानेच लिहायची!

गैरसमज नको. व्यसनी माणसाने स्वतःची कबुली देणं मोलाचं असतं. तुषार नातू यांच्या 'नशायात्रे'सारखं आत्मकथन वाचून एखाद्याला वाटतं, मी एकटा नाही. ते हवंच. पण उपचार करणारे आता आणखी पुढे गेलेत. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी उभ्या केलेल्या मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट चालतो. दारू एक जण पितो, आजारी सगळं घर पडतं, हे तिथे मान्य आहे. आपल्या राज्यात बायकांच्या मतदानाने दारूचं दुकान बंद करता येतं. आडव्या बाटलीवर शिक्का मारायला आम्ही चालतो, मग पुस्तकात बोलायला का नाही?

तर घाट कोणता? मला तो आमच्या भिंतीवरच सापडला. दुधाचा हिशोब मी कालनिर्णयच्या चौकोनांत लिहिते. जुनी कालनिर्णयं मी टाकलेली नाहीत. त्यांत दुधाचे खाडे आहेत. पगाराच्या दिवशी तो रिकाम्या हाताने आला की दुसऱ्या दिवसापासून खाडा. मुलीच्या फीची तारीख, तिच्यावर काट. टाके घातले त्या दिवशी नुसता एक ठिपका, कारण तेव्हा लिहायचीही भीती वाटे. त्याने 'तो काळ धूसर आठवतो' असं लिहिलंय. त्याला धूसर असेल. माझ्याकडे तारीखवार आहे.

म्हणून माझी सूचना अशी आहे. पुस्तक समोरासमोरच्या पानांचं करावं. डाव्या पानावर त्याचा दिवस, उजव्या पानावर तोच दिवस बायकोचा, आईचा किंवा मुलीचा. दोन्ही जुळले नाहीत तर जुळवू नयेत. मध्ये पुन्हा पिण्याचे दिवस जसेच्या तसे यावेत. आणि शेवट 'आता सारं छान' असा नको. दारू सुटल्यावरही कर्ज फिटायचं असतं, मुलीची झोप परत यायची असते.

हे आपल्याला नवं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या गाणारणींच्या आणि गावांच्या नावांनिशी. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' केलं, ते कितीतरी जणींकडून ऐकून. अनेकींच्या तुकड्यांतून पुस्तक उभं राहतं, हे आपल्या बायकांनीच दाखवलंय.

"जुनं उकरलंस तर तो पुन्हा प्यायला लागेल," असं मला सासरी-माहेरी सगळ्यांनी बजावलं. मैत्रिणींनो, ही धमकी ओळखा. पूर्वी म्हणत, तू बोललीस म्हणून तो प्यायला. आता म्हणतात, तू बोलशील म्हणून तो पिईल. त्याच्या पिण्याची जबाबदारी दोन्ही वेळा आमच्याच पदरात!

बदनामीची भीती मात्र खरी आहे, आणि ती आधी बाईलाच भोगावी लागते. म्हणून गटांनी असं पुस्तक करताना काही नियम पाळावेत. नावं आणि गावं बदलावीत. जिला लिहिता येत नाही तिचं बोलणं टिपून घ्यावं आणि तिला वाचून दाखवावं. छापायला जाईपर्यंत कुठलंही वाक्य काढायचा हक्क तिचा असावा. जिच्या घरात अजून मारहाण चालू आहे तिच्याकडून मजकूर मागू नये, आधी तिला मदत मिळवून द्यावी. अक्षर मोठं असावं, वाक्यं बैठकीत मोठ्याने वाचता येतील अशी असावीत. आणि मिश्रीत, तंबाखूत, दारूत अडकलेल्या बायकांना स्वतःची डावी पानं द्यावीत. बाईचं व्यसन हा अजूनही घरात झाकून ठेवायचा कलंक आहे.

पक्की प्रत मी नवऱ्याला परत दिली. प्रत्येक उजवं पान कोरं ठेवलं होतं. आठ दिवस तो बोलला नाही. मग एका रात्री त्याने विचारलं, "टाके घातले ती तारीख कोणती होती?" मी कालनिर्णय काढून दिलं.

पुस्तकाचं अजून ठरलेलं नाही. मी उजवी पानं लिहायला बसले आहे. तुमच्या घरचे खाडे तुम्हीही लिहायला घ्या.