पथ्यपत्रक आणि किराण्याची यादी



आयुर्वेदीय चिकित्सेत औषधाइतकेच, किंबहुना काही व्याधींत औषधाहूनही अधिक महत्त्व पथ्याला आहे, हे आपणांपैकी कोणासही नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. काश्यपसंहितेने तर आहारालाच महाभैषज्य म्हटले आहे. परंतु या महाभैषज्याची किंमत कोण देतो, कोठून देतो आणि ती देताना घरातील कोणाच्या ताटातून काय कमी होते, याचा विचार आपल्या व्यवसायात अभावानेच होतो. औषधाचे पैसे रुग्ण पंधरा दिवसांतून एकदा मोजतो. पथ्याचे पैसे त्याचे सबंध घर रोज मोजत असते.

आपली नेहमीची पथ्यपत्रके पाहावीत. जुना तांदूळ, मूग, गाईचे तूप, मध, दूध, डाळिंब, मनुका. यातील एकही द्रव्य अशास्त्रीय नाही. तथापि मोंढ्यावर हमाली करणाऱ्या किंवा दोन एकर कोरडवाहू शेतीवर घर चालविणाऱ्या रुग्णाच्या हाती हे पत्रक पडते तेव्हा तीनपैकी एक गोष्ट घडते. तो पथ्य चार दिवस पाळतो व सोडतो; अथवा उसनवारी करून पाळतो; अथवा रुग्णासाठी दूध-तूप येते आणि ते आणण्यासाठी मुलांच्या वाट्याची डाळ पातळ होते. तिन्ही परिणाम चिकित्सेला मारक आहेत, आणि तिसरा तर एका रुग्णाच्या जागी दोन रुग्ण निर्माण करणारा आहे.

भोकर परिसराचे उदाहरण घेऊ. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील हा तालुका तेलंगणाच्या सीमेलगत आहे. एके काळी नांदेड जिल्ह्याच्या खरिपात ज्वारी हे प्रमुख धान्य होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून सोयाबीनने तिची जागा व्यापली. आज शिवारात सोयाबीन, कापूस, तूर व हळद दिसते. ज्वारी पूर्वीच्या मानाने फारच थोडी. शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला हे खरे, परंतु जे धान्य कणगीतून निघत असे ते आता दुकानातून आणावे लागते. दुसरीकडे राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. हे धान्य मुख्यतः गहू व तांदूळ. म्हणजे जोंधळ्याच्या या प्रदेशात गहू-तांदूळ फुकट आणि ज्वारी विकत, अशी स्थिती आली आहे. मधुमेही रुग्णास 'भात-पोळी सोडा, भाकरी खा' असे सांगताना हा उलटलेला हिशेब आपल्या ध्यानी असला पाहिजे.

आता प्रत्यक्ष आकडे मांडू. प्राधान्य यादीतील पाच माणसांच्या घरास महिन्याला २५ किलो धान्य मिळते. म्हणजे माणशी रोज सुमारे १६७ ग्रॅम. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार दोन हजार उष्मांकांच्या आहारात तृणधान्य २५० ग्रॅम व डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम असावीत. स्थूलमानाने सर्वांना हेच प्रमाण लावले, तर या घरास महिन्याला साडेबारा किलो तृणधान्य आणखी घ्यावे लागेल. ते घ्यायचेच असेल तर ज्वारी घ्यावी. याच संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक-कोष्टकांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत प्रथिने सुमारे १० ग्रॅम व लोह सुमारे ४ मिलिग्रॅम असते. सडलेल्या तांदळात प्रथिने सुमारे ८ ग्रॅम आणि लोह पाऊण मिलिग्रॅमहूनही कमी. डाळीचा हिशेब मात्र अवघड आहे. ८५ ग्रॅमप्रमाणे पाच माणसांस महिन्याला पावणेतेरा किलो डाळी-कडधान्ये लागतील. कष्टकरी घरात इतकी डाळ येते असे आपणांपैकी कोण म्हणेल? खरी तूट आहे ती येथे.

मग पैसा जातो कोठे? केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात एकूण खर्चापैकी सुमारे ४६ टक्के खर्च अन्नावर होतो. त्यात तृणधान्यांचा वाटा सुमारे ५ टक्के, तर पेये, उपाहार व तयार खाद्यपदार्थांचा वाटा साडेनऊ टक्क्यांहून अधिक आहे. दोन मुलांना रोज पाच-पाच रुपयांचा बिस्किटाचा किंवा कुरकुरीत पदार्थांचा पुडा दिला, तर महिन्याला ३०० रुपये होतात. तेवढ्यात मुगाची दोन किलोच्या आसपास डाळ येते. काटकसरीचा उपदेश करायचा तर तो या पुड्यापासून आरंभावा. डाळीपासून कदापि नव्हे.

काटकसर या शब्दाकडेही आपण शास्त्राच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत. त्यांतील करण, संयोग, देश व काल ही चार मराठवाड्याच्या गृहिणीने ग्रंथ न वाचता पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहेत.

करण म्हणजे संस्कार. ज्वारी भरडून केलेल्या कण्या, तिचे पीठ आंबवून शिजविलेली अंबील, भिजवून मोड आणलेली मटकी, शिजविलेल्या कडधान्याच्या घुगऱ्या, हे सर्व संस्कारच होत. भाजलेली धान्ये व डाळी मसाल्यासह दळून केलेले येसर डब्यात असले, की मूठभर पिठात घरभराची आमटी होते. यूषकल्पना सांगताना आपण विद्यार्थ्यांना जे शिकवतो, त्याच्या फार जवळची ही गोष्ट आहे. ताकाचेही तसेच. भावप्रकाशकारांनी पाण्याच्या प्रमाणावरून तक्र, उदश्वित असे भेद केले. वाटीभर दही पाच माणसांच्या ताटात ताकाच्या रूपाने पोहोचते आणि अग्नीसही उपकारक ठरते. रोज पावशेर दूध घेणे ज्यास शक्य नाही, त्यास ताक सांगता येते.

संयोगाविषयी बोलायचे तर भाकरी आणि वरण, भाकरी आणि पिठले, कण्या आणि अंबाडीची भाजी, वरणफळे, ज्वारीचे पीठ व बेसन एकत्र करून थापलेले धपाटे, या साऱ्यांत पोट भरण्यापलीकडची योजना आहे. तृणधान्यात जे उणे असते ते डाळ भरून काढते, हे आधुनिक पोषणशास्त्र सांगते. भावप्रकाशनिघंटूने यावनाल रूक्ष व लघु सांगितला आहे. त्या रूक्षतेवर जवस, कारळ किंवा शेंगदाण्याची चटणी आणि थोडे तेल हा आपल्या घरचाच उतारा होय. तूप परवडत नाही म्हणून भाकरी कोरडीच खावी, असे नाही.

देश आणि काल यांचा विचार तर थेट पैशाचा विचार आहे. पावसाळ्यात बांधावर तरोटा असतो, घोळ असते. हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला असतो, तो वाळवून ठेवला की उन्हाळ्याची भाजी होते. शेवग्याचे झाड परसात असले तर बाजारात जावे लागत नाही. त्याच्या १०० ग्रॅम पानांत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. तूर नवी येते तेव्हा चार पायल्या घेऊन घरी भरडून ठेवणाऱ्या घरास आणि आषाढात पाव-पाव किलो डाळ आणणाऱ्या घरास एकच भाव पडत नाही. अर्थात एकदम घेण्यासाठी हाती एकदम पैसा लागतो. तो नसल्यास दोन-तीन घरांनी, अथवा महिलांच्या बचतगटाने, मिळून खरेदी करावी असे आपण सुचवू शकतो. वैद्याच्या शब्दाला गावात आजही वजन आहे.

येथपर्यंत कोणाचा आक्षेप नसावा. परंतु आठ आयतनांतील एकाचा उल्लेख मी हेतुतः मागे ठेवला आहे. ते म्हणजे राशी. करण, संयोग, देश, काल यांच्या बळावर केलेली काटकसर आरोग्यदायी असते. राशीवर केलेली काटकसर म्हणजे उपासमार होय. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवरची सुकडी आणि शिधावाटपातील तांबडी मिलो खाऊन ज्यांनी दिवस काढले, त्या पिढीला हा भेद समजावून सांगावा लागत नाही. आपल्याला मात्र तो वारंवार आठवावा लागेल, कारण आपल्या शास्त्रात पातळ अन्नाची मोठी प्रशस्ती आहे. चरकाने सूत्रस्थानात अठ्ठावीस यवागू सांगितल्या. शार्ङ्गधराने मंडासाठी चौदापट पाणी सांगितले. हे सर्व व्याधीची अवस्था व रुग्णाचा अग्नी पाहून योजावयाचे कल्प आहेत. डाळ संपली म्हणून मुलांपुढे येणारी पातळ कांजी हा पथ्यकल्प नव्हे, आणि तिला तसे गौरवाने संबोधणे हा शास्त्राचा दुरुपयोग आहे.

घरात राशी कमी होते ती कोणाची, हेही विचारले पाहिजे. सर्वांना वाढून झाल्यावर भांड्याला लागलेले कालवण आणि उरलेली अर्धी भाकरी घेऊन बसणारी स्त्री आपण सर्वांनी पाहिली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्यापूर्वीच्या, २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण ४८ टक्के होते. पांडुरोगाची रुग्णा आपल्याकडे येते, आपण लोहकल्प देतो, तीन महिन्यांनी ती पुन्हा तशीच येते. अशा वेळी औषधाच्या गुणाविषयी शंका घेण्यापूर्वी 'बाई, तुम्ही कोणत्या पंगतीला जेवता?' हा प्रश्न विचारावा. तिची सासू किंवा पती सोबत असतील तर त्यांच्यादेखत विचारावा. या प्रश्नाला एक पैसाही खर्च नाही.

यावर काही बंधू म्हणतील की अशाने पथ्य सैल होईल आणि शास्त्र पातळ होईल. मला तसे वाटत नाही. शमीधान्यांत चरकाने हितकर म्हणून मूग श्रेष्ठ मानला. तो मूग आपल्याच मातीत पिकतो. शूकधान्यांच्या गणनेत आलेला जूर्णाह्व म्हणजे जोंधळाच, असे सामान्यतः मानले जाते. अनुपानात जेथे ग्रंथ मधाबरोबर उष्णोदकाचा अथवा तक्राचाही विकल्प देतो, तेथे रुग्णाची ऐपत पाहून विकल्प निवडणे हे शास्त्राला धरूनच आहे. देश, काल, सात्म्य पाहणाऱ्या वैद्याने रुग्णाची चूल पाहू नये, असे कोणत्याही संहितेने सांगितलेले नाही.

म्हणून काही सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, रुग्णपत्रिकेत आहाराच्या रकान्यालगत आणखी एक रकाना असावा: शिधापत्रिका कोणती, घरात जेवणारी माणसे किती, शेतात काय पिकते, दुभते जनावर आहे की नाही. दोन मिनिटांचे काम आहे. दुसरी, पथ्यात जे नवे द्रव्य लिहू, त्याच्यासमोर किराण्यातून काय वगळावे तेही लिहावे. मूग लिहिला तर बिस्किटाचा पुडा खोडावा. वगळण्याजोगे काहीच नसेल, तर ते द्रव्य लिहिण्यापूर्वी पुन्हा विचार करावा. तिसरी, गर्भिणी, सूतिका, लहान बालक व क्षयरुग्ण यांच्या बाबतीत काटकसरीचा शब्दही काढू नये. त्यांना अंगणवाडीच्या आहाराची आठवण द्यावी. क्षयरुग्णास निक्षय पोषण योजनेचे, नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये झालेले साहाय्य मिळते की नाही, हे आवर्जून विचारावे.

चौथी सूचना औषधी दुकानदार बंधूंना आहे, आणि ती त्यांच्या मिळकतीला स्पर्श करणारी आहे याची मला जाणीव आहे. बलवर्धक चूर्णांचे व प्रथिनांचे आकर्षक डबे आपल्या फळीवर असतात. अशक्त मुलाला घेऊन आलेली आई सल्ला विचारते, आणि आपण डबा पुढे करतो. ज्या घरात महिन्याची डाळ पुरत नाही, त्या घरात तो डबा म्हणजे डाळीवरचा कर आहे. डबे विकूच नयेत असे माझे म्हणणे नाही; ज्याला परवडते त्याने घ्यावेत. परंतु त्या आईला आधी डाळ घेण्यास सांगावे. सुंठ, जिरे, मिरे, ओवा, पिंपळी ही स्वच्छ व पारखलेली द्रव्ये पाच-दहा रुपयांच्या लहान पुड्यांत ठेवावीत. त्यांत नफा थोडा आहे, पण असा पुडा नेणारे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येते आणि त्याच्या उधारीची वहीही फारशी वाढत नाही.

आपल्या नांदेड जिल्ह्यात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. शेजारी परभणीस कृषी विद्यापीठ आहे. त्याने २०१८ मध्ये लोह व जस्त अधिक असलेले 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण प्रसारित केले. आपल्या संघटनेने या दोन्ही ठिकाणच्या जाणकारांना एकत्र बोलावून, शिधापत्रिकेवरचा गहू-तांदूळ, विकतची ज्वारी-डाळ आणि परसातील भाजी एवढ्यांतच बसणारी पाच-सहा प्रमुख व्याधींची पथ्यपत्रके सिद्ध करावीत. ती साध्या मराठीत एका पानावर असावीत, त्यांच्या शेवटी महिन्याचा अंदाजे खर्च लिहिलेला असावा आणि तो दरवर्षी नव्या भावांनुसार दुरुस्त व्हावा. पुढील त्रैमासिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, अशी विनंती मी या लेखाद्वारे करीत आहे. ज्या सभासदांनी आपापल्या गावी अशी पत्रके केली असतील, त्यांनी त्यांच्या प्रती सभेस अवश्य आणाव्यात.