भिंतीवरचे शब्द कुणाचे?

फौजेत भिंत सहसा कोरी राहत नाही. क्वार्टर गार्डपासून लंगरपर्यंत काहीतरी लिहिलेलं असतंच. खडकवासल्याला कॅडेट असताना ‘सेवा परमो धर्मः’ रोज डोळ्यांपुढे असायचं. लडाखच्या रस्त्यांवरचे सीमा सडक संघटनेचे पिवळे फलक तर पर्यटकही फोटोत घेऊन जातात. ते मला मनापासून आवडतात, कारण त्यांना काम आहे: वळणावर ड्रायव्हरला हसवून जागं ठेवायचं.

माझी तक्रार आहे फ्लेक्सबद्दल. इन्स्पेक्शन जवळ आलं की शहरातून छापून येतात. गरुड, सूर्योदय, कुठल्याशा परदेशी कमांडोचा चेहरा आणि खाली एक जबरदस्त वाक्य. ‘वेदना म्हणजे शरीरातून निघून जाणारा दुबळेपणा’ हे अमेरिकन मरीन्सकडून आलेलं वाक्य मी हिंदीत उतरवलेलं बराकीत पाहिलंय. ज्या पोराच्या घरी जमिनीचा वाद पेटलाय, बायकोचे दिवस भरलेत आणि रजा अजून लांब आहे, त्याने हे रोज झोपताना वाचायचं. तो काय करील? तोंड मिटून घेईल. आणि मग कंपनी कमांडरला जे पहिल्या आठवड्यात कळायला हवं, ते तिसऱ्या महिन्यात कळतं. कधी फारच उशिरा.

म्हणून माझं म्हणणं असं, की बराकीतले फलक जवानांनाच बनवू द्यावेत. उंचावरच्या एका पोस्टिंगमध्ये, रस्ता बंद झाल्यावर, आम्ही ते केलं. सामान तिथलंच: रेशनचे खोके, गोणपाट, रद्द झालेल्या पॅराशूटचं कापड, जुनी कॅलेंडरं, पेट्यांवर नंबर टाकायचं स्टेन्सिल, गेरू आणि चुना. (रिकाम्या काडतुसांना हात लावायचा नाही, ती मोजून परत द्यावी लागतात!) फेव्हिकॉल गोठला की वाया जातो, त्यामुळे लंगरच्या कुकने मैद्याची खळ करून दिली. तीही बुखारीजवळ ठेवावी लागे.

साताऱ्याकडच्या एका नाईकने रजेवरून परततानाचं एसटीचं तिकीट चिकटवलं, भोवती कॅलेंडरमधले आकडे कापून लावले आणि खाली लिहिलं, ‘उरले ११२’. दुसऱ्या दिवशी १११. एका तमिळ हवालदाराने गोणपाटावर रंगीत कापडाचं दार केलं आणि शेजारी आपल्या लिपीत दोन शब्द लिहिले. कुणालाच वाचता येईनात, म्हणून जो तो विचारू लागला. ‘पोयिट्टु वा’, म्हणजे जाऊन ये. तो निघताना आई दारात एवढंच म्हणते. आपल्याकडेही ‘जातो’ म्हणू देत नाहीत, ‘येतो म्हण’ म्हणतात. हे मी सांगितल्यावर एक गढवाली, एक बंगाली, सगळेच आपापल्या घरचं दार सांगायला लागले. असं बोलणं मी कुठल्याही सैनिक संमेलनात ऐकलेलं नाही.

एका वरिष्ठांचं मत पडलं, की याने शिस्त सैल होते, एकसारखेपणा जातो. मला पटत नाही. पलटणीचं ब्रीदवाक्य आणि जयघोष आपल्या जागी आहेतच, त्यांना कुणी हात लावत नाही. पण बराक ही झोपायची जागा आहे. तिथे तेच शब्द असावेत, जे पहाटे तीनच्या ड्युटीवर एक जण आपल्या बडीला म्हणू शकेल. ब्रिगेडियरला दाखवण्यासाठी लिहिलेलं वाक्य तिथे काही कामाचं नाही.

मात्र याची स्पर्धा करू नका. बक्षीस लावलंत की तो हुकूम होतो, आणि प्रत्येक फलकावर पुन्हा गरुडच येतो. ज्याला नको असेल त्याने पत्ते खेळावेत. फलकात नकाशा, पोस्टचं नाव, आजूबाजूच्या डोंगराचं चित्र नको, एवढं सीनियर जेसीओ साहेबांनी बघावं. त्यापलीकडे कुणी शुद्धलेखनसुद्धा तपासू नये.

निवृत्त मंडळींना एक विचारायचंय. तुमच्या बंकरच्या भिंतीवर, खोक्याच्या झाकणावर कुणी स्वतःच्या हाताने काय लिहिलं होतं, आठवतं का? पुढच्या हिवाळ्याआधी पोरांना सांगायचंय.