आळसाचा जंतू

दोस्तांनो, एखादा देश श्रीमंत कशामुळे होतो? कारखाने, खाणी, बंदरं, असं तुम्ही चटकन म्हणाल. उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. आज एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. ती वाचून बघा, आणखी काय सुचतं ते!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या उत्तरेकडची राज्यं झपाट्याने श्रीमंत होत होती. कापूस पिकवणारी दक्षिणेकडची राज्यं मात्र गरीबच. तिथली कितीतरी मुलं फिकट दिसायची, वर्गात डुलक्या काढायची. मोठी माणसंही जरा काम केलं की दमायची. 'आळशी कुठले!' असं म्हणून बाकीचे लोक त्यांना हसत.

१९०२ साली चार्ल्स स्टाइल्स या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की यामागे एक जंत आहे. त्याचं नाव हुकवर्म, म्हणजे अंकुशकृमी. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर! माणसं उघड्यावर शौचाला बसली, की त्याची अंडी मातीत जातात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतात आणि फिरत फिरत आतड्यात पोचतात. तिथे चिकटून हे महाशय रक्त पीत बसतात. मग अंगात ताकद राहणार कुठून? वर्तमानपत्रांनी त्याचं नाव ठेवलं, 'आळसाचा जंतू'. म्हणजे ती माणसं आळशी नव्हती, आजारी होती!

१९०९ साली जॉन डी. रॉकफेलर या तेलसम्राटाने या जंताविरुद्धच्या मोहिमेसाठी १० लाख डॉलर दिले. पुढची पाच वर्षं ११ राज्यांत ही मोहीम चालली. शाळकरी मुलं तपासली, तर १०० पैकी सुमारे ४० जणांच्या पोटात जंत! गावोगावी दवाखाने भरले. जत्रेला जावं तसे लोक डबे बांधून यायचे, सूक्ष्मदर्शकातून जंताची अंडी बघायचे आणि औषध घेऊन जायचे. संडास कसा बांधायचा, हेही त्यांना शिकवलं जाई.

आता तुम्ही विचाराल, पोटातल्या जंताचा देशाच्या तिजोरीशी काय संबंध? होयट ब्लीकली या अर्थशास्त्रज्ञाने जुन्या जनगणनांचे आकडे तपासून याचं उत्तर शोधलं आणि २००७ साली ते प्रसिद्ध केलं. जिथे जंत जास्त होते, तिथे मोहिमेनंतर मुलांची शाळेतली हजेरी आणि लिहिता-वाचता येण्याचं प्रमाण जास्त वाढलं. ती मुलं मोठी झाल्यावर कमावूही जास्त लागली. त्याच्या अंदाजाप्रमाणे, सगळं बालपण जंतासोबत काढलेल्या माणसाची कमाई सुमारे ४० टक्क्यांनी घटत असे!

साखळी लक्षात आली ना? निरोगी मूल शाळेत जातं, शिकतं, मोठेपणी चांगलं काम करतं. अशा लाखो माणसांची कमाई म्हणजेच तर देशाचं उत्पन्न. आणि देशाकडे पैसा आला, की दवाखाने, नळ, शाळा वाढतात. चाक पुन्हा फिरतं.

अर्थात, गोळी म्हणजे जादूची कांडी नव्हे. शाळाच नसेल, शिकून काम मिळत नसेल, तर नुसती ताकद काय करणार? आणि संडास नसेल, तर पोटात पुन्हा जंत हजर!

आपल्या देशातही २०१५ पासून 'राष्ट्रीय जंतनाशक दिन' पाळला जातो. शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी देतात. तोंड वाकडं न करता ती चावून खायची, बरं का! संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवायचे, बाहेर जाताना पायांत चपला घालायच्या.

आता या आठवड्याचा गृहपाठ. गेल्या महिन्यात आजारपणामुळे तुमची शाळा किती दिवस बुडाली, ते आठवा. तुमच्याजवळ थांबण्यासाठी आईबाबांचं काम किती दिवस बुडालं, तेही विचारा. दोन्हींची बेरीज करा. मग तिला वर्गातल्या मुलांच्या संख्येने गुणा, आणि आईबाबांबरोबर बसून विचार करा : अख्ख्या देशाचे असे किती दिवस बुडत असतील?