गुडघा कुणाचा, हात कुणाचे आणि पेटंट कुणाचे?

पुण्याचे अस्थिशल्यविशारद डॉ. के. एच. संचेती यांचे नाव वरवंडपासून दौंडपर्यंत ठाऊक नसलेला माणूस सापडणे कठीण. हाड मोडले, कंबर धरली, गुडघा गेला की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो, "संचेतीला दाखवा." १९९१ साली पद्मश्री, २००३ साली पद्मभूषण आणि २०१२ साली पद्मविभूषण असे तिन्ही सन्मान त्यांना मिळाले. पण आम्हाला त्यांचे जे काम चर्चेला घ्यावेसे वाटते ते या पदकांपलीकडचे आहे. त्यांनी 'इंडस' नावाचा कृत्रिम गुडघा तयार केला. परदेशातून येणारा गुडघा महाग होता आणि तो परदेशी माणसाच्या हाडाच्या मापाने आणि त्याच्या बसण्या-उठण्याच्या सवयीने घडवलेला होता. आपला माणूस जमिनीवर मांडी घालून जेवतो, उकिडवा बसून खुरपतो. त्याच्या हाडाची ठेवण आणि त्याचे जगणे समोर ठेवून गुडघा घडवायला हवा, हा विचार एका मराठी मुलखातल्या सर्जनने केला आणि तो प्रत्यक्षात आणला.

हे कौतुक आम्ही मोकळेपणाने करतो. 'तो आपला नाही, मग त्याचे गुणगान आपण कशाला गायचे?' असे विचारणारे मित्र आमच्यातही आहेत. त्यांना आमचे उत्तर सोपे आहे. ज्ञानाला जात चिकटवणे हा मनूचा उद्योग आहे, आपला नाही. ज्या शोधाने माणसाचे दुखणे कमी होते तो शोध माणसाचा.

पण नेमक्या अशाच शोधांचे दाखले देऊन आपल्याला एक धडा शिकवला जातो, आणि भांडण तिथे सुरू होते. व्हॉट्सअॅपवर दर प्रवेशाच्या हंगामात फिरणारा तो मजकूर तुम्हीही वाचला असेल. आरक्षणातून डॉक्टर झालेल्याकडून तुम्ही ऑपरेशन करून घ्याल का? असे शोध लावायला मेरिट लागते, सवलत नव्हे! म्हणजे शोध हा काही घराण्यांच्या मेंदूत उगवतो आणि बाकीच्यांनी त्याचे लाभार्थी होऊन हात जोडावेत, असा हा युक्तिवाद. तो इतिहासाच्या कसोटीवर टिकतो का, ते पाहू.

सुरुवात पुण्यापासूनच करू. १७९२ च्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती सापडलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक कापले गेले होते. तो इंग्रजी फौजेच्या चाकरीत होता. त्याला नवे नाक बसवले ते पुण्याजवळच्या एका माणसाने. कपाळाची कातडी उलटवून, तिचा रक्तपुरवठा न तोडता त्याने नाक घडवले. मुंबई इलाख्यातल्या इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिचे वर्णन चित्रासह छापून आले. ते वाचून कारप्यू नावाच्या इंग्रज सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये तीच पद्धत वापरली आणि आधुनिक प्लास्टिक सर्जरीची पायवाट तिथून रुंद झाली. तो पुण्याचा सर्जन कोण होता? कुणी वेदशास्त्रसंपन्न पंडित? नाही. त्या मजकुरात त्याची ओळख विटा घडवणाऱ्या जातीतला, म्हणजे आपल्या भाषेत कुंभार, अशी दिली आहे. गाडीवानाचे नाव छापले, लंडनच्या सर्जनचे नाव इतिहासात गेले, आणि ज्याच्या हातात ही विद्या होती त्याची फक्त जात उरली. त्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही.

आज सुश्रुताचा गौरव करणारी भाषणे ठोकणारे लोक या कुंभाराबद्दल गप्प का असतात? कारण त्याच्याबद्दल बोलले की पुढचा प्रश्न येतो. विद्या ग्रंथात होती असे म्हणता, मग ती अठराव्या शतकाअखेर कुंभाराच्या हातात का सापडली? उत्तर मनुस्मृतीतच आहे. वैद्याचे अन्न तिने निषिद्ध ठरवले, श्राद्धाच्या पंगतीतून त्याला उठवले. रक्त, पू, हाड, प्रेत यांना स्पर्श करणारा अपवित्र. मग हाडामांसाचे काम गेले कुणाकडे? न्हावी, कुंभार, गावोगावचे हाडवैद्य, सुईणी. मेलेले जनावर ओढणाऱ्या, सोलणाऱ्या आमच्या पूर्वजांना सांधा कुठे सुटतो, स्नायू हाडाला कुठे धरतो, हे डोळ्यांनी आणि हातांनी माहीत होते. पण ज्याला माहीत होते त्याला लिहिता येऊ दिले नाही, आणि ज्याला लिहिता येत होते त्याने हात लावला नाही. १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्तांनी प्रेताचे विच्छेदन केले तेव्हा ती क्रांती ठरली. एवढ्या उशिरा ती क्रांती का ठरावी, याचे उत्तर जातिव्यवस्थेने द्यायचे आहे, आरक्षणाने नव्हे.

आता कृत्रिम सांध्याकडे येऊ. आज जगभर जो खुब्याचा सांधा बसवला जातो, त्याचा पाया इंग्लंडच्या सर जॉन चार्नली यांनी घातला. थोर सर्जन, वादच नाही. त्यांनी आधी सांध्याची वाटी टेफ्लॉनची केली. ती काही वर्षांत झिजली आणि शेकडो रुग्णांची ऑपरेशने वाया गेली. १९६२ साली एक विक्रेता पॉलिएथिलीनचा तुकडा घेऊन त्यांच्या प्रयोगशाळेत आला. चार्नलींनी तो नखाने दाबून पाहिला आणि यात वेळ घालवू नका असे सुचवून ते परदेशी गेले. प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने मात्र तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला आणि यंत्र चालू ठेवले. टेफ्लॉनच्या तुलनेत झीज नगण्य निघाली. चार्नली परतले, त्यांनी आपले मत बदलले आणि त्याच वर्षी ती वाटी रुग्णाला बसवली. आज गुडघ्यातही मांडीच्या हाडावर धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि मध्ये त्याच जातकुळीच्या प्लास्टिकची गादी असते. चार्नली 'सर' झाले. क्रेव्हनचे नाव वैद्यकाच्या इतिहासात शोधावे लागते.

आपल्या देशातला जयपूर फूट घ्या. डॉ. प्रमोद करण सेठी यांना त्यासाठी १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. पण रबराचा, अनवाणी चालता येणारा, उकिडवे बसता येणारा तो पाय हातांनी घडवला रामचंद्र शर्मा या कारागिराने. त्यांचे शालेय शिक्षण प्राथमिकच्या पुढे गेले नव्हते. रबर भाजले गेले टायर रिट्रेडिंगच्या दुकानात. डॉक्टरला शरीर कळत होते, कारागिराला सामान कळत होते, आणि अपंग माणसाला काय हवे ते अपंग माणसाला कळत होते. तिघे एकत्र आले तेव्हा शोध लागला.

या तिन्ही गोष्टींतून एकच मुद्दा निघतो. शोध डोके आणि हात यांच्या भेटीतून लागतो. जातिव्यवस्थेने हजारो वर्षे नेमकी हीच भेट होऊ दिली नाही. एकाला डोके दिले आणि हाताच्या कामाची शिसारी दिली. दुसऱ्याला हात दिले आणि पाटी-पुस्तक हिसकावले. बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या भाषणात या व्यवस्थेची जी आर्थिक चिरफाड केली आहे, ती या नजरेने पुन्हा वाचा. हा देश आयात केलेल्या सांध्यांवर का चालला, याचे उत्तर त्यात सापडेल. मेरिटचा डंका पिटणाऱ्यांनी सांगावे, शेकडो वर्षे शंभर टक्के आरक्षण ज्यांच्याकडे होते त्यांनी किती सांधे घडवले?

आणि आरक्षण आले म्हणून दारे सताड उघडली असेही नाही. २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी निवासी डॉक्टरने आत्महत्या केली आणि जातीय छळाच्या आरोपांचा खटला उभा राहिला. ऑपरेशन थिएटरच्या दारात कुणाला किती वेळ उभे केले जाते, हे त्या प्रकरणाने देशाला विचारायला लावले.

आता आमच्या मातीकडे. व्हिक्टोरिया तलावाच्या आणि कालव्याच्या पाण्यावर वरवंडच्या शिवारात ऊस उभा राहिला. त्या उसात वाकणारे, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारे, दिवसभर उकिडवे बसून खुरपणारे गुडघे कुणाचे? भूमिहीनांचे, बायाबापड्यांचे, बाहेरून आलेल्या ऊसतोड कुटुंबांचे. वारंवार उकिडवे बसणे, गुडघे टेकणे आणि ओझे उचलणे यांनी गुडघ्याची झीज वाढते, हे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणजे ज्याच्यासाठी भारतीय गुडघा हवा होता तो हाच माणूस. पण गुडघा बदललेला माणूस तुम्हाला बहुतेक वेळा बागायतदाराच्या ओसरीवर दिसतो. वस्तीतली म्हातारी मात्र झंडू बाम चोळत, मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणत दिवस ढकलते. शोध लागला, पण तो तिच्या दारापर्यंत पोचला नाही.

का पोचला नाही? २०१७ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय औषध किंमत नियामक प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या ज्या गुडघ्याची सरासरी छापील किंमत १,५८,३२४ रुपये होती, त्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये झाली. जीएसटी वेगळा. टायटॅनियम किंवा झिर्कोनियमचा गुडघा ७६,६०० रुपयांवर आला. एका आदेशाने दीड लाखाचे चोपन्न हजार होऊ शकतात, तर मधले लाखभर रुपये एवढी वर्षे कुणाच्या खिशात जात होते? ते शोधाचे मोल नव्हते. ती दलाली होती. शिवाय मर्यादा फक्त सांध्याच्या किमतीला आहे. खाट, थिएटर, फी, तपासण्या यांना नाही. तिथे वसुली चालूच राहते.

आणि शोधापुढे डोळे मिटून मान तुकवायचीही गरज नाही. डेप्यू कंपनीचा 'एएसआर' हा धातूवर धातू घासणारा खुबा मोठा शोध म्हणून विकला गेला. २०१० च्या ऑगस्टमध्ये तो जगभरातून परत बोलावावा लागला, कारण झिजलेला कोबाल्ट आणि क्रोमियम रुग्णांच्या रक्तात उतरत होता. भारतात हजारो लोकांना तो बसवलेला होता. आपल्या रुग्णांच्या भरपाईचे सूत्र ठरायला २०१८ उजाडले. वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियमसुद्धा या देशात २०१७ साली आले. नियम नसतात तेव्हा प्रयोग कुणाच्या शरीरावर होतात, हे वेगळे सांगायला नको.

मग आपण करायचे काय? नुसता संताप करून गुडघा बसत नाही. तरुण मित्रांनो, चार गोष्टी मांडतो.

एक. आपली शेकडो पोरे रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत कंत्राटावर राबतात. कुणी सीएनसी चालवतो, कुणी ग्राइंडिंग करतो, कुणी साचे बनवतो. कृत्रिम सांधा याच कौशल्यांतून घडतो. धातू ओतायचा, मायक्रॉनच्या मापात कापायचा, आरशासारखा घासायचा. आपल्या पोराला हात आहेत, पण आपण त्याला 'फक्त आयटीआय' म्हणून हिणवतो. हे हिणवणे बंद करा. एमपीएससी आणि पोलीस भरतीच्या रांगेशिवाय दुसरी वाट नाही असे त्याला सांगू नका. १९४२ साली व्हाईसरॉयला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी सरकारी मदत मागितली होती. त्यांना कारकुनांची फौज नको होती. आजही राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आपली किती मुले बायोमेडिकल किंवा मटेरियल सायन्सला अर्ज करतात?

दोन. पेटंटचा कायदा वाचा. भारतात शस्त्रक्रियेच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही, उपकरणाला मिळते. एकट्या माणसाला त्याची फी मोठ्या कंपनीपेक्षा बरीच कमी असते. आणि कलम २८ प्रमाणे शोधकर्त्याला पेटंटमध्ये आपले नाव लावून घेता येते. पुण्याच्या त्या कुंभाराजवळ हे कलम नव्हते. तुमच्याजवळ आहे. कारखान्यात तुम्ही सुचवलेला फिक्श्चर साहेबाच्या नावावर जात असेल, तर आजपासून तारखेसह वहीत लिहून ठेवा.

तीन. वस्तीतल्या कुणाचे सांध्याचे ऑपरेशन ठरले तर सोबत जा. आधी फुले जन आरोग्य योजनेत ते कोणत्या रुग्णालयात बसते ते विचारा. नंतर बिलात सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच नंबर वेगळा लिहून मागा. तो आपला हक्क आहे, मेहरबानी नाही. सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर जपून ठेवा. उद्या एखादा सांधा बाजारातून परत मागवला तर तोच कागद कामाला येईल.

चार. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात हाडांचा डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट कायम असावा, ही मागणी जयंतीच्या व्यासपीठावरून करा. डीजेच्या खर्चातला थोडा वाटा काढून वस्तीत गुडघे तपासणी शिबिर घ्या. लवकर सापडलेला गुडघा व्यायामाने, वजन सांभाळून आणि कामाची पद्धत बदलून बरीच वर्षे टिकतो.

डॉ. संचेतींनी दाखवून दिले की इथल्या माणसासाठी इथेच सांधा घडवता येतो. पुढचा सांधा घडवताना डोके, हात आणि दुखणारा गुडघा तिन्ही आपल्याच वस्तीतून का येऊ नयेत? व्यवस्थेने मोडलेला सांधा तोच आहे, ज्ञान आणि श्रम यांच्यामधला. तो जोडायचे काम आंबेडकरी तरुणाचे आहे. दुसरा कुणी ते करणार नाही.

जय भीम!