कोड ऑप नोटच्या पोटात असतो

अमेरिकी रुग्णालयांचे कोडिंग, म्हणजे बिलासाठी उपचारांना आकडी कोड देण्याचे काम, करणाऱ्यांत, आणि त्यांत पुण्या-मुंबईत बसून हे काम करणारे आपले कितीतरी तरुण आले, एक समज घट्ट रुजला आहे. ऑप नोटचे, म्हणजे सर्जनने लिहिलेल्या शस्त्रक्रियेच्या नोंदीचे, शीर्षक पाहायचे, ‘सिग्मॉइड कोलेक्टमी’ दिसली की ४४१४० हा कोड टाकायचा आणि पुढची फाईल उघडायची. टार्गेट गाठायचे असते. शिवाय शीर्षक खुद्द सर्जननेच दिलेले, मग शंका कशाला, असे ते म्हणतात.

शंका घ्यायलाच हवी. आतड्याच्या शस्त्रक्रियेचा कोड दोन गोष्टींवर ठरतो: कोणता भाग काढला आणि उरलेल्या टोकांचे काय केले. कोलनचा, म्हणजे मोठ्या आतड्याचा, तुकडा काढून टोके जोडली, तर ४४१४०. जोड खाली श्रोणीत, गुदाशयाशी केला, तर ४४१४५. वरचे टोक पोटावर स्टोमा म्हणून काढले आणि खालचे बंद केले, म्हणजे हार्टमन शस्त्रक्रिया केली, तर ४४१४३. लहान आतड्याचा शेवटचा भागही काढून इलियम कोलनला जोडले, तर ४४१६०. या चारही नोंदींवर शीर्षक ‘पार्शल कोलेक्टमी’ एवढेच असू शकते. दुर्बिणीतून केलेल्यांची मालिका वेगळी. आणि दुर्बिणीने सुरू करून पोट उघडावे लागले, तर कोड फक्त ओपनचा.

शीर्षकावर विसंबल्याने सर्जनचेही नुकसान होते. स्प्लीनिक फ्लेक्शर, म्हणजे कोलनचे प्लीहेजवळचे वळण, मोकळे केल्याचा ४४१३९ हा जोडकोड हमखास सुटतो, कारण ते काम वर्णनातल्या एखाद्या ओळीत असते. रुग्णाचे हाल निराळेच. हार्टमनच्या जागी ४४१४० गेला आणि काही महिन्यांनी स्टोमा बंद करण्याचा ४४६२६ आला, की विमा कंपनी विचारणार: स्टोमा झाला कधी?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुन्या ऑपरेशनमुळे चिकटलेली आतडी सोडवण्यात तासन्‌तास जातात. त्या श्रमाचे पैसे नकोत का? हवेतच. पण त्यासाठी चिकटण सोडवण्याचा ४४००५ जोडणे चूक आहे. तो ‘स्वतंत्र प्रक्रिया’ म्हणून दिलेला कोड आहे. त्याच पोटात कोलेक्टमी झाली की तो तिच्यात सामावतो. १९९६ पासून लागू असलेले मेडिकेअरचे एनसीसीआय नियमही, म्हणजे कोणते कोड एकत्र लावता येत नाहीत हे ठरवणारे नियम, हेच सांगतात. ‘ही प्रक्रिया वेगळी होती’ असे सांगणारा ५९ मॉडिफायर कोडला लावून ही अट चुकवणे म्हणजे एका कामाचे दोनदा पैसे मागणे. रास्त मार्ग जादा श्रम दाखवणाऱ्या २२ मॉडिफायरचा आहे. त्यासाठी मात्र चिकटण किती होती, किती जादा वेळ गेला, हे सर्जनने नोंदवलेले असले पाहिजे. ‘चिकटण सोडवली’ एवढ्या ओळीवर २२ टिकत नाही.

टार्गेट ठरवणाऱ्यांनी आतड्याची फाईल आणि साध्या तपासणीची फाईल एका मापाने मोजणे थांबवावे. आणि कोडर मित्रांनो, टोके जोडली की स्टोमा केला हे नोटवरून कळत नसेल, तर अंदाज बांधू नका. फाईल थांबवा आणि सर्जनला लेखी विचारा.