प्रशिक्षण परिचारिकांचे की हजेरीपटाचे?

परिचारिकांना सेवांतर्गत प्रशिक्षणात रस नाही, वर्गात त्या पेंगतात, सही ठोकून निघून जातात, अशी रुग्णालय-प्रशासनाची नेहमीची तक्रार आहे. तिच्यावरचे औषधही तयार आहे : वर्ग ‘रंजक’ करा, खेळ घ्या, बक्षिसे वाटा. आमच्या मते येथे निदानच चुकले आहे.

हा वर्ग भरतो केव्हा ते प्रथम पाहू. रात्रपाळी संपवून सुटलेली परिचारिका घरी न जाता व्याख्यानाला बसवली जाते. दिवसपाळीतली येते ती सहकारिणीवर दुप्पट भार टाकून. शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. सार्वजनिक रुग्णालयाच्या वॉर्डात रात्री जाऊन खाटा मोजाव्यात, जमिनीवरच्या गाद्या मोजाव्यात, मग परिचारिका मोजाव्यात. दंडकाचे काय झाले ते कळेल. अशा परिचारिकेला वर्गात लागलेली डुलकी म्हणजे बेफिकिरी, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आणि शिकवले काय जाते? हात धुण्याच्या पायऱ्या पडद्यावर दाखवणारा वक्ता वॉर्डातल्या नळाला पाणी आहे काय, हे विचारत नाही. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी वर्षातून एकदा तरी प्रशिक्षण बंधनकारक केले, हे योग्यच झाले. पण वापरलेल्या सुयांचा पांढरा डबा काठोकाठ भरला आणि दुसरा मिळेना, तर काय करायचे? परिचारिकेचा प्रश्न हा असतो, आणि नेमका तोच वर्गात विचारायचा नसतो. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 150 तासांचे शिक्षण लागते. तास मोजणे सोपे असते, म्हणून तास मोजले जातात; त्या तासांत कुणाला काय आले, हे कोण मोजणार?

यात पणाला काय लागते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बालके दगावली. चौकशीनंतर जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले. कंत्राटी परिचारिकांची तर सेवाच संपवण्यात आली. ज्याची त्याची जबाबदारी ठरलीच पाहिजे. परंतु धूर भरलेल्या खोलीतून एवढी इवली बालके कशी बाहेर काढायची, याची तालीम परिचारिकांकडून कुणी आणि केव्हा करून घ्यायची असते, हा प्रश्न तितक्याच कठोरपणे वरच्यांना विचारायला नको काय?

बँकेत ठेव ठेवावी तसे विद्यार्थ्याच्या डोक्यात ज्ञान टाकणाऱ्या शिक्षणावर ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरी यांनी कठोर टीका केली होती. वीस-वीस वर्षे वॉर्ड सांभाळलेल्या परिसेविकेला रिकामे खाते समजणारे प्रशिक्षण याच जातीचे आहे. तिला ठाऊक असलेले तिच्याकडून ऐकून घ्या, मग रस आणण्यासाठी बक्षिसे वाटावी लागणार नाहीत.

कुणी म्हणेल, मनुष्यबळ वाढेपर्यंत प्रशिक्षण थांबवायचे काय? मुळीच नाही. उलट, ते खरे प्रशिक्षण व्हावे यासाठीच आमच्या मागण्या आहेत. वर्ग कामाच्या वेळेतच व्हावा आणि तेवढा वेळ वॉर्डात बदली परिचारिका असावी. कंत्राटी परिचारिकेलाही तो हक्क असावा. विषय वॉर्डातून यावा आणि अनुभवी परिसेविकेने तो शिकवावा. दोन तासांच्या भाषणाऐवजी वीस मिनिटे प्रत्यक्ष कृती व्हावी : आग विझवण्याच्या नळकांड्याची खीळ प्रत्येकीने स्वतः ओढावी, बंद पडलेले हृदय चालू करण्यासाठी छाती कशी दाबायची ते पुतळ्यावर प्रत्येकीने करून पाहावे. झालेली चूक शिक्षेच्या भीतीवाचून सांगता यावी. भीती असेल तेथे चुका लपतात आणि पुन्हा घडतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वर्गात निघालेल्या प्रत्येक अडचणीची लेखी नोंद व्हावी आणि प्रशासनाने ठरलेल्या मुदतीत तिला उत्तर द्यावे. आपण बोललो म्हणून नळ दुरुस्त झाला, हे एकदा दिसले की पुढच्या वर्गात कुणी पेंगणार नाही.

येथे आपणही आत्मपरीक्षण केले पाहिजे. कामगार चळवळीने पगार, भत्ते आणि पाळ्या यांसाठी झगडे केले, ते आवश्यकच होते. पण काम शिकण्याचा प्रश्न आपण मालकाचा समजून त्याच्याकडे सोडला. वस्तुतः कुशल होण्याचा हक्क हा कष्टकऱ्याचाच हक्क आहे, आणि रुग्णालयात तर तो खाटेवरच्या गरीब रुग्णाच्या जीविताशी बांधलेला आहे. परिचारिकांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पुढच्या मागणीपत्रात प्रशिक्षणाचे कलम घालावे. आणि ते लिहिण्यापूर्वी एका रात्रपाळीनंतर परिचारिकांसोबत त्या वर्गात स्वतः बसून पाहावे.